पदवीचा दिवस आणि विश्वासू साक्षी

आजचे शास्त्रभाग: रोमकरांस पत्र १२:१५, दानीएल अध्याय १, लूक १७:११-१९, प्रकटीकरण १:५



सध्या कोणाचंही स्टेटस उघडा, काळा गाऊन, हातात गुंडाळलेलं सर्टिफिकेट आणि बाजूला डोळे पुसणारी आई दिसतेच. कोणी ठाण्याच्या कॉलेजातून बाहेर पडतंय, कोणी उल्हासनगरच्या, कोणी डोंबिवलीच्या. रविवारी मंडळीत पाळकसाहेब नव्या पदवीधरांना पुढे बोलावतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, टाळ्या होतात आणि मग आवारात समोसा-चहा. मला हा दिवस मनापासून आवडतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत ती पहिलीच पदवी असते. आजोबा गिरणीत, बाबा रेल्वेत आणि मुलगी बीएस्सी. देवाची स्तुती करायलाच हवी.

पण आजची तारीख ११ मार्च आहे, म्हणून मी तुम्हाला आपल्या कल्याणच्या एका मुलीच्या पदवीदानाकडे घेऊन जाणार आहे. वर्ष १८८६, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. नाव सगळ्यांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात धडा होता, पुढे सिनेमाही आला. तरी ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी साक्षीच्या नजरेने फारशी वाचलेली नाही. आणि ती वाचताना थोडं टोचतं, हे आधीच सांगून ठेवते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणचं. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रूळ आले, म्हणजे आपण रोज लटकत जातो त्या लाइनच्या बरोबरीने वाढलेली ही पिढी. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, वयाने साधारण वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. औषधपाणी नीट मिळालं असतं तर ते वाचलं असतं, हे दुःख त्या आईच्या मनातून गेलं नाही. आपल्या बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हा तिचा निश्चय तिथूनच आला.

आता इथे आपले लोक गोष्टीत येतात.

१८८० मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरात अनेक वर्षं सेवा केली होती, शाळा चालवल्या होत्या. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही मदत होईल का, असं ते पत्र. उत्तर आलं की तुम्ही ख्रिस्ती होत असाल तर मदत करू. जोशी पतिपत्नींनी नकार दिला. पत्रव्यवहार तिथेच संपला असता, पण वाइल्डर साहेबांनी तो आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडीशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला. कधीही न पाहिलेल्या त्या मुलीसाठी त्यांचं मन हललं. त्यांनी भारतात पत्र पाठवलं, की कधी अमेरिकेला आलीस तर माझं घर तुझंच आहे. त्यात कसलीही अट नव्हती. पत्रं वाढली, माया वाढली आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

थांबा आणि विचार करा. एकच छापील पान होतं. त्यावरच्या अटीने एक दार बंद केलं आणि त्याच पानाने देवाने दुसरं दार उघडलं. वाइल्डर साहेबांना वाईट ठरवायला मी हे लिहीत नाही. त्यांनी या महाराष्ट्रासाठी आयुष्य वेचलं. पण मदत आणि अट एका श्वासात आली की ऐकणाऱ्याला मदत ऐकूच येत नाही, फक्त अट ऐकू येते. हे १८८० मध्ये खरं होतं आणि आजही खरं आहे.

प्रभू येशूने काय केलं ते लूकच्या सतराव्या अध्यायात बघा. दहा कुष्ठरोगी दुरून हाका मारतात. प्रभू दहाही जणांना शुद्ध करतो. परत येऊन पाया पडतो एकच, तोही शोमरोनी. प्रभू विचारतो की बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने परत घेतलं का? नाही. ते बरेच राहिले. कृपा आधी येते, आणि कोणी परत वळलं नाही म्हणून ती रद्द होत नाही.

पुढे जाऊया. २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधल्या श्रीरामपूरचं कॉलेज, म्हणजेच सेरामपूर कॉलेज. हे कॉलेज विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलं. कॅरीचं नाव आपल्याला परकं नाही. मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये छापलं आणि मराठी नवा करारही सेरामपूरच्याच छापखान्यातून आला. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतून आपली मुलं आजही जी बीडी घेऊन येतात, ती सेरामपूरच्या सिनेटचीच पदवी. म्हणजे आपल्या पाळकांच्या प्रमाणपत्रावर जे नाव असतं, त्याच कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची आनंदीबाई भाषणाला उभी राहिली. गोपाळरावांची बदली तेव्हा श्रीरामपूरला झालेली होती. बाईने समुद्र ओलांडायचा म्हणजे काय, इथे शिकता येत नाही का, जात वाळीत टाकेल त्याचं काय, असे लोकांचे प्रश्न होते. एकेक प्रश्न घेऊन तिने उत्तर दिलं. आणि ख्रिस्ती कॉलेजच्या त्या सभागृहात उभं राहून तिने स्वच्छ सांगितलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार.

त्या कॉलेजने तिला तिथे उभं राहू दिलं, बोलू दिलं. जात, देश बघून कोणाला दार बंद करायचं नाही, हे कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. त्या दिवशी ते प्रत्यक्षात उतरलं. मला वाटतं, तीही त्या कॉलेजची साक्षच होती.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला मावशी आल्या होत्या. मग पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. १८५० मध्ये सुरू झालेलं, फक्त बायकांसाठीचं लहानसं कॉलेज. ते उभं करण्यात क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा. डीन होत्या रेचेल बॉडली. थंडी हाडं गोठवणारी, तब्येत नाजूक. तरी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. तीन वर्षांत अभ्यास पुरा केला आणि हिंदू लोकांतल्या बाळंतपणाच्या शास्त्रावर प्रबंध लिहिला. ज्या जखमेने घराबाहेर काढलं, तोच विषय तिने निवडला.

आता दानीएलचा पहिला अध्याय उघडा. तुमच्या लक्षात आलंच असेल. परक्या देशात आणलेली तरुण मुलं, तीन वर्षांचं शिक्षण, राजाच्या ताटातलं नको म्हणून भाजीपाला आणि पाणी, शेवटी राजासमोर परीक्षा, आणि ती इतरांपेक्षा दहापट सरस. युवा संघात हा अध्याय आपण किती वेळा घेतो! आणि दरवेळी आपण स्वतःला दानीएलच्या जागी ठेवतो. ऐरोलीच्या ऑफिसात मी एकटीच ख्रिस्ती, पार्टीत मी काय करू, तर दानीएलसारखी राहीन. ते बरोबरच आहे.

पण फिलाडेल्फियाच्या या गोष्टीत दानीएलच्या जागी कोण आहे? कल्याणची हिंदू मुलगी. आणि आपण कुठे आहोत? आपण आहोत त्या कारभाऱ्याच्या जागी, ज्याच्या हातात ताट होतं. त्या अध्यायात दहा दिवसांची मुभा देणारा तो कारभारी आपण नेहमी घाईघाईत ओलांडून जातो. दानीएल आपल्या नेमात टिकला, यात त्या माणसाचाही वाटा आहे. त्याच्या वरच्या सरदाराला राजाची भीती होती, तरी या कारभाऱ्याने ऐकून घेतलं. शास्त्र सांगतं की त्या सरदाराच्या मनात दानीएलविषयी दया देवानेच घातली. म्हणजे पाहुण्याच्या विवेकाला जागा करून देणं, हेसुद्धा देवाचंच काम असतं.

आपण अल्पसंख्य असतो तेव्हा आपल्याला दानीएल आठवतो. जिथे आपला अधिकार चालतो, आपली शाळा, आपलं हॉस्टेल, आपला ट्रस्ट, तिथे हा कारभारी आठवायला हवा.

आणि आता ११ मार्च १८८६. पदवीदान. हाती एमडी. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या, एकविसावं पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी. गोपाळरावही अमेरिकेत पोहोचले होते. आणि त्या दिवशी आणखी एक मराठी बाई तिथे हजर होत्या, पंडिता रमाबाई.

रमाबाई नात्याने लांबच्या. त्यांचं तेव्हाचं आयुष्य बघा. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला आल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यावरून महाराष्ट्रात केवढी टीका झाली! चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवत होत्या. डीन बॉडलींचं आमंत्रण आलं आणि मुलीला घेऊन त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. कारण काय, तर नात्यातल्या मुलीचं पदवीदान आहे.

एक ख्रिस्ती झालेली, एक हिंदू राहिलेली. दोघींनी आपापला निर्णय जगाच्या डोळ्यांदेखत घेतलेला. रमाबाईंना म्हणता आलं असतं की ती माझ्या मार्गाने आली नाही, मी कशाला जाऊ? किंवा आधी ती ख्रिस्ती होऊ दे, मग बघू. पण त्या गेल्या. पौलाने रोमच्या मंडळीला एका ओळीत सांगितलं आहे की जे आनंदात आहेत त्यांच्या आनंदात सामील व्हा आणि जे रडत आहेत त्यांच्यासोबत रडा. त्या ओळीत पौलाने ‘फक्त विश्वास ठेवणाऱ्यांच्या’ असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट त्याच्या आधीच्याच ओळीत तो आपला छळ करणाऱ्यांनाही आशीर्वाद द्यायला सांगतो.

आणि त्या ओळीचा दुसरा अर्धा भागही लगेचच आला. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा मिळाली होती. पण त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. पदवीला वर्षही झालं नव्हतं. कोल्हापूरची ती खुर्ची रिकामीच राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली, वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा केला. ज्यांनी घर उघडलं, त्यांनी शेवटी आपल्या कुळाची जागाही दिली.

मग ती पदवी वाया गेली का? हा प्रश्न खरा आहे, आणि तो फक्त आनंदीबाईंचा नाही. हा लेख वाचणाऱ्यांत असे कितीजण आहेत ज्यांची पदवी फ्रेममध्ये आहे आणि नोकरी नाही. किंवा शिक्षण एकात आणि काम भलत्यातच. किंवा घरच्या आजारपणाने मधेच सगळं थांबलं.

माझ्याकडे याचं गोड उत्तर नाही, पण एक तारीख आहे. रमाबाई अमेरिकेतच थांबल्या होत्या, गावोगावी बोलत होत्या, बालविधवांसाठी निधी उभा करत होत्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियाला निघालं, त्याची प्रस्तावना डीन बॉडलींनी लिहिली. मग रमाबाई भारतात परतल्या आणि मुंबईत त्यांनी मुलींसाठी शारदा सदन उघडलं. तारीख होती ११ मार्च १८८९. त्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली होती त्या दिवशी. गव्हाचा दाणा मातीत पडून मेल्याशिवाय एकटाच राहतो, असं प्रभू योहानाच्या बाराव्या अध्यायात सांगतो. आनंदीबाईंना पेशंट मिळाले नाहीत. पण मुलींच्या शिक्षणाचं दार ज्या दिवशी त्यांच्यासाठी पूर्ण उघडलं, त्याच तारखेला ते पुढच्या मुलींसाठी उघडलं गेलं.

शारदा सदनात कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाईंनी आपला विश्वास लपवलाही नाही. त्या प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं. कोणाला यावंसं वाटलं तर यावं. यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी त्यामुळे दार बंद केलं नाही, आणि कोणाला ओढून आतही आणलं नाही. सक्ती नाही आणि लपवाछपवीही नाही. या दोन्हींच्या मधली ती वाट अरुंद आहे, आणि तिथे दोन्हीकडून बोलणी बसतात.

आता साक्ष या शब्दाबद्दल. नव्या करारातला साक्षीदारासाठीचा ग्रीक शब्द ‘मार्तुस’, त्यातूनच पुढे रक्तसाक्षी हा अर्थ आला. आपल्या ठाण्यालाच १३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. आपण तलावपाळीवर भेळ खायला जातो त्या ठाण्याचं नाव जगाच्या मंडळीच्या इतिहासात त्यांच्यामुळे आहे. अशी साक्ष फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशूला विश्वासू साक्षी म्हटलं आहे. आणि तो प्रभू काना गावच्या लग्नातही गेला होता, लाजाराच्या थडग्यापाशी रडलाही होता. विश्वासू साक्षी कुठे सापडतो? लोकांच्या लग्नात आणि लोकांच्या मयतात. आपली बहुतेकांची साक्ष तिथेच व्हायची आहे.

मंडळीत पदवीधर साक्ष देतात तेव्हा बहुतेक वेळा ऐकू येतं, ‘प्रभूने मला फर्स्ट क्लास दिला.’ मीही हल्लेलूया म्हणते. पण त्याच वेळी मागच्या बाकावर ज्याला केटी लागली आहे तो मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. त्याच्या मनात एकच प्रश्न येतो, की मग प्रभूने मला काय दिलं? परवा आमच्या ओळखीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, रिझल्ट लागल्यापासून मी चर्चला येत नाही. सगळे विचारतात.” तिला उपदेश नको होता. प्लॅटफॉर्मच्या बाकावर दोन गाड्या सोडून शेजारी बसणारं कोणी हवं होतं. रोमकरांस १२:१५ चा दुसरा अर्धा भाग म्हणजे नेमकं हेच.

आणि तुमच्या ग्रुपमधली जी हिंदू, मुसलमान, बौद्ध मित्रमंडळी या वर्षी पास होत आहेत, त्यांच्या घरी पेढे खायला नक्की जा. त्यांच्या आईला म्हणा, “काकू, अभिनंदन!” त्यांच्या घरची पूजा असेल तर तुमच्या विवेकाप्रमाणे नम्रपणे वागा, दानीएलसारखं. आणि ते तुमच्या घरी येतील तेव्हा त्यांच्या विवेकाला जागा द्या, त्या कारभाऱ्यासारखी. कोणी विचारलं की तू असा का, तुझ्यात ही आशा कुठून आली, तर पेत्राने सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या. लाजू नका, लपवू नका. पण त्यांनी विचारण्याआधी तुम्ही त्यांच्या आनंदात पोहोचलेले असा.

आज एवढं करा. एकाला फोन करा जो पास झाला आहे आणि आपल्या मंडळीचा नाही. आणि एकाला फोन करा ज्याचं राहिलं आहे. मेसेज नको, फोनच करा.

प्रार्थना करूया.

हे स्वर्गीय पित्या, या वर्षी पदवी घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या आईबापांच्या घामाबद्दल आभार मानतो. ज्यांचं राहिलं, ज्यांचं अर्ध्यावर थांबलं, त्यांना तू जवळ घे आणि आम्हालाही त्यांच्याजवळ ने. आमच्या मदतीतल्या अटी काढून टाक. आमच्या प्रेमातला हिशेब काढून टाक. आम्हाला धैर्य दे की आम्ही तुझं नाव लपवणार नाही, आणि नम्रता दे की ते कोणावर लादणार नाही. हसणाऱ्यांच्या घरी आणि रडणाऱ्यांच्या घरी आम्ही तुझे विश्वासू साक्षी होऊन जावं, हे मागतो. तुझा पुत्र, आमचा तारणारा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने. आमेन.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. उद्या भेटूया, नव्या वचनासह.